‘मुदतीत निकाली’ म्हणजे दाखला मिळाला असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या केडीपी (कर्नाटक विकास कार्यक्रम) आढावा बैठकीत ‘सकाला’चा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत सरकारी सेवा देण्याच्या राज्याच्या योजनेचा, तक्ता वाचला जातो, तेव्हा सगळ्यांचे लक्ष एकाच रकान्याकडे असते : मुदतीत निकाली निघालेले अर्ज. हा रकाना सहसा छानच दिसतो आणि त्याचे कारण कायद्यातच आहे. कर्नाटकाच्या २०११च्या सेवा हमी कायद्याप्रमाणे अधिकाऱ्याने ठरलेल्या मुदतीत सेवा द्यायची, नाहीतर कारण नोंदवून अर्ज फेटाळायचा. यातले काहीही झाले तरी अर्ज निकाली. शंभरातले चाळीस अर्ज फेटाळणारी कचेरी आणि शंभरच्या शंभर दाखले हातात देणारी कचेरी या रकान्यात एकमेकींच्या शेजारी, सारख्याच गुणांनी पास होतात. पुढे याच आकड्यावरून कुठे कर्मचारी वाढवायचे आणि कुठे नवे ‘ग्राम वन’ सेवा केंद्र द्यायचे हे ठरणार असेल, तर पहिली मागणी हीच हवी की निकालीचे दोन रकाने करा, मंजूर आणि नामंजूर. (यातला ‘वन’ इंग्रजी, पण ‘ग्राम वन’ हे नाव मराठी कानाला गावच्या रानासारखे लागते, ते असो.)

आणखी एक गोष्ट त्या तक्त्यात येतच नाही. मुदतीचे घड्याळ १५ आकडी पोच क्रमांक मिळाल्यावर सुरू होते. उशिराबद्दल दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई आहे. तीही त्या पोचेवरच. ‘कागद पुरे करून मंगळवारी या’ असे सांगून अर्ज नोंदवूनच न घेतला, तर ते हेलपाटे कुठल्याच संगणकात नसतात. कागदावर सात दिवसांत झालेले काम माणसाला महिनाभर लागलेले असू शकते.

पोर्टलच्या नोंदींवरून धोरण आखू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. उलट, दुसरे काय हाताशी आहे? शेवटची जनगणना २०११ची. त्या वेळी बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती. पुढच्या गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मधली सोळा वर्षे शाळा, दवाखाने, रेशनचे कोटे जुन्याच आकड्यांवर उभे आहेत. मीटर, तिकीट यंत्रे, रेशन दुकानातली अंगठ्याची यंत्रे, पीक पाहणीचे ॲप यांच्या नोंदी मात्र रोज ताज्या होतात. त्या वापरायलाच हव्यात. फक्त एवढे विसरू नये की मीटरची नोंद बिल काढायला जन्मली आणि तिकिटाची नोंद हिशेब द्यायला. ज्या कामासाठी नोंद झाली, त्याचा वास तिला राहतोच.

गृहज्योतीचेच पाहा. मोफत विजेची मर्यादा ठरवताना २०२२-२३ या वर्षाचा सरासरी वापर धरला, त्यात १० टक्के मिळवले आणि वर २०० युनिटांची कमाल ठेवली. साठवलेल्या नोंदींवरून घरागणिक हक्क ठरवण्याचे याहून मोठे उदाहरण राज्यात क्वचितच सापडेल. आता खानापूरच्या पश्चिम भागातले घर घ्या. कर्ती माणसे गोव्यात, पुण्यात, मुंबईत. घर उघडते गणपतीला, शिमग्याला आणि मेमध्ये. वर्षाचा वापर समजा २४० युनिट, म्हणजे महिन्याला २०. हक्क आला २२ युनिटांचा. पुढच्या वर्षी म्हातारी-म्हातारा कायमचे गावी राहायला आले, वापर ४५वर गेला, की २३ युनिटांचे बिल त्यांच्या माथी. शेजारचे वर्षभर उघडे राहिलेले, चांगल्या मिळकतीचे घर मात्र १२० युनिटे फुकट वापरते. २०२४च्या सुरुवातीला सरकारने दुरुस्ती केली : ज्यांची सरासरी ४८ युनिटांच्या आत आहे, त्यांना टक्क्यांऐवजी सरसकट १० युनिटे जादा. वरच्या घराचा हक्क २२चा ३० झाला. चूक लक्षात आली आणि सुधारली हे चांगलेच. पण दुरुस्ती कमी वापराची झाली, बंद घराची नव्हे. गरिबीमुळे कमी वापर आणि कुलूप असल्यामुळे कमी वापर यांतला फरक मीटरच्या आकड्यात दिसत नाही. तो रीडिंग घेताना मारलेल्या ‘घर बंद’च्या शेऱ्यात दिसतो. वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा तो शेरा आलेली घरे आधी बाजूला काढायची, त्यांची सरासरी फक्त उघड्या महिन्यांवर काढायची, एवढी एक पायरी घातली असती तर प्रश्न बराच हलका झाला असता.

शक्ती योजनेच्या शून्य तिकिटांबद्दलही असेच. ११ जून २०२३पासून महिलांच्या प्रत्येक मोफत फेरीचे तिकीट निघते : कुठल्या टप्प्यावरून कुठल्या टप्प्यापर्यंत, किती वाजता, कुठल्या मार्गावर. बायका कुठे आणि कधी जातात याची इतकी बारीक नोंद या भागात पूर्वी कधीच नव्हती. पण या नोंदीला तीन मोठी भोके आहेत. भरलेली बस न थांबता पुढे गेली, तर मागे राहिलेल्या बाईचे तिकीट निघत नाही. म्हणजे जिथे गाडी सर्वांत कमी पडते, तिथेच मागणी कमी दिसते. दुसरे, टप्पा म्हणजे थांबा नव्हे. दोन टप्प्यांच्या मधल्या वाडीवर चढलेली बाई मागच्या टप्प्याच्या नावावर जमा होते, आणि त्या वाडीला निवारा हवा की नको हे त्या आकड्यावरून कधीच कळत नाही. तिसरे भोक खास सीमाभागाचे. योजना राज्याच्या हद्दीपुरती.  तिकडे महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. निपाणीहून कोल्हापूरला किंवा उचगावकडून चंदगडला जाणारी बाई त्यामुळे एसटीने जाते, नाहीतर वडापच्या खासगी गाडीने. तिची फेरी एक तर दुसऱ्या राज्याच्या यंत्रात किंवा कुठेच नाही. हुबळीत, आपल्या परिवहन महामंडळाच्या मुख्यालयात बसून शून्य तिकिटांचा नकाशा काढला, तर सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर बायका फिरतच नाहीत असे दिसेल, आणि त्या रस्त्यांवरच्या फेऱ्या कमी करायला तो नकाशा पुरावा म्हणून पुढे येईल.

यावर उपाय खर्चिक नाही. वर्षातून दोनदा, एकदा जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आणि एकदा सुगीत, दोन-दोन आठवडे शून्य तिकीट, पैशाचे तिकीट आणि विद्यार्थी पास हे तिन्ही एकत्र मोजावेत. ‘गाडी भरली, थांबा सोडला’ एवढी एक नोंद वाहकाला टाकता यावी. आणि सीमेवरच्या चार-पाच मार्गांचे त्याच पंधरवड्याचे आकडे एसटीच्या आगाराकडून मागून घ्यावेत. दोन्ही महामंडळे सरकारीच आहेत.

हद्दीपलीकडची सोयरीक ही या भागातली रोजची गोष्ट. चंदगड, गडहिंग्लज, कागल तालुक्यांतून इकडे दिलेल्या मुलींची नावे लग्नानंतर बरेच दिवस माहेरच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या रेशन कार्डावरच राहतात. तिथून नाव कमी केल्याचा दाखला आल्याशिवाय इथल्या कार्डावर नाव चढत नाही. कर्नाटकाची ‘कुटुंब’ ही माहितीप्रणाली मुख्यत्वे रेशन कार्डाच्या नोंदींवर उभी असल्यामुळे ती सून त्या कुटुंबात नसतेच. सासू वारली आणि घरातली कर्ती बाई तीच असली, तरी कर्त्या बाईला दरमहा मिळणारे गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपये अडकतात. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे केंद्राचे धान्य कुठल्याही राज्यात उचलता येते, राज्याच्या स्वतःच्या योजना तशा चालत बाहेर पडत नाहीत. संगणकाला ती ‘अपात्र’ही दिसत नाही, कारण तिचा अर्ज पुढेच गेलेला नसतो. अशा अर्जांची वेगळी गणना करायला एक कारण-कोड पुरे : ‘नाव अन्य राज्याच्या कार्डावर’. हा कोड असता, तर निपाणी, चिकोडी, हुक्केरी, बेळगाव, खानापूर या पाच तालुक्यांत तो किती वेळा पडतो हे महिन्याभरात दिसले असते आणि दोन जिल्हाधिकाऱ्यांच्या एका संयुक्त शिबिरात शेकडो नावे सुटली असती.

आता लिपीचा प्रश्न, ज्याने शेतकरी सर्वांत जास्त बेजार होतात. एकाच माणसाचे नाव उताऱ्यावर कन्नडमध्ये, आधारवर कन्नड आणि इंग्रजीत, बँकेत नुसते इंग्रजीत. विठ्ठल हे नाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिलेले सापडते. जुन्या उताऱ्यांवर ‘बिन’, ‘कोम’ असे नाते सांगणारे शब्द नावाच्या मध्येच बसलेले. आडनाव कधी आधी, कधी शेवटी, कधी नाहीच. शेतकरी नोंदणीच्या ‘फ्रूट्स’ प्रणालीत आणि उताऱ्याला आधार जोडताना नावे जुळवली जातात. जुळली नाहीत की प्रकरण तलाठ्याकडे. त्यात उतारा मयत आजोबांच्या नावावर असेल, वारसा नोंद झाली नसेल आणि पोटहिस्से पडले नसतील, तर कसणारा नातू शेतकरी म्हणून कुठेच उभा राहत नाही. पुढे अतिवृष्टी झाली की नुकसानीची रक्कम, विमा, हमीभाव केंद्रावरची नोंद हे सगळे याच नोंदणीवर चालते. वर बसलेल्याला आकडा दिसतो तो एवढाच : अमुक तालुक्यात नोंदलेले शेतकरी कमी. त्यावरून ‘इथे शेती सुटत चालली आहे’ असा निष्कर्ष काढणे ही चूक नवखा विश्लेषक हमखास करतो.

खरे कारण ओळखायची रीत सोपी आहे. ‘नाव जुळत नाही’, ‘खातेदार मयत’, ‘संयुक्त खाते’ आणि ‘खरोखर अपात्र’ ही चार कारणे वेगळी मोजायची आणि गाववार लावायची. पहिल्या कारणाचे प्रमाण बैलहोंगल-सौंदत्तीपेक्षा बेळगाव-खानापूरच्या मराठी गावांत ठळकपणे जास्त निघाले, तर दोष अक्षरांत आहे, शेतकऱ्यात नाही. मग गावोगाव शिबिरे न घेता जुळणीचा नियमच सैल करावा आणि वडिलांचे नाव, सर्व्हे नंबर व जन्मसाल यांचा आधार घ्यावा. दुसरे कारण जास्त निघाले तर मात्र वारसा नोंदीची मोहीम गावात न्यावीच लागेल. रोग वेगळा, औषध वेगळे, आणि सध्याच्या तक्त्यात दोन्ही एकाच ‘नामंजूर’खाली.

पीक पाहणीच्या ॲपबद्दल थोडेच. विम्याच्या अर्जात एक पीक आणि पाहणीच्या फोटोत दुसरे, एवढ्यावर दावे अडकतात. खानापूरच्या डोंगर उतारावर भाताच्या खाचरांशेजारी नाचणी, मधे काजूची झाडे, आणि हिस्सा पाच-दहा गुंठ्यांचा. बांधावर उभे राहून काढलेल्या फोटोचे स्थान मोबाइल काही मीटर इकडेतिकडे दाखवतो. रुंद रानात त्याने काही बिघडत नाही, इथे शेजाऱ्याचे पीक आपल्या नावावर लागते. पावसाचेही तसेच. कणकुंबी-जांबोटीला धुवाधार आणि पूर्वेच्या इटगी-बिडीला बेताचा, अशा तालुक्याची एक सरासरी काढली तर ती तालुक्यात कुठेच पडलेली नसते. राज्याच्या आपत्ती निरीक्षण केंद्राची पर्जन्यमापके ग्रामपंचायत पातळीपर्यंत आहेत; नुकसानीचा निर्णय त्याच पातळीवर व्हावा.

आकडे जोडणाऱ्यांसाठी दोन इशारे, कारण या दोन ठिकाणी आम्ही भल्याभल्यांचे तक्ते कोसळताना पाहिले आहेत. एक, नावावरून जोडू नका. खानापूर तालुका बेळगावात आहे आणि सांगली जिल्ह्यातही आहे. बेळगावचीच इंग्रजीत तीन स्पेलिंगे चालतात आणि २०१४ला अधिकृत नाव बदलले. केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला कोड आहे; जोडणी त्यावरूनच करावी. दोन, निपाणी चिकोडीतून, कागवाड अथणीतून, मुडलगी गोकाकमधून, कित्तूर बैलहोंगलमधून आणि यरगट्टी सौंदत्तीतून वेगळे झाले. जुन्या वर्षाशी तुलना करताना गावे मोजून जुनी हद्द पुन्हा उभी केली नाही, तर चिकोडीचे लाभार्थी एका वर्षात एकाएकी घटलेले दिसतात. घटलेले काहीच नसते.

शाळांच्या बाबतीत हीच चूक महागात पडते. कर्नाटकाची विद्यार्थी नोंद ‘सॅट्स’मध्ये, महाराष्ट्राची ‘सरल’मध्ये. सीमेवरचे मूल पलीकडच्या शाळेत गेले की इकडे ते गळती म्हणून दिसू शकते. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ झाली की तीन. लहान मराठी शाळेत एका मुलाच्या नोंदीवर एक पद हलते. देशपातळीवरचा कायम शिक्षण क्रमांक दोन्ही राज्यांत तोच राहतो. गळती जाहीर करण्याआधी त्या क्रमांकाने पलीकडे शोधून पाहणे बंधनकारक करावे.

भाषेचा रकाना हा नाजूक विषय, पण टाळून चालणार नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या सोयी, नियम-सूचनांचे भाषांतर वगैरे, तालुक्यातल्या १५ टक्के लोकसंख्येच्या निकषाला बांधलेल्या आहेत आणि ती टक्केवारी २०११च्या गणनेवरची. राज्याच्या सेवासिंधू या ऑनलाइन सेवा पोर्टलचे अर्ज कन्नड आणि इंग्रजीत. मराठी माणूस तो अर्ज केंद्रचालकाकडून भरून घेतो, त्यामुळे पोर्टलच्या नोंदीत तो कन्नड वापरणाराच ठरतो, आणि ‘मराठीची मागणीच नाही’ हे आकड्यानिशी सिद्ध होते. अर्जात मातृभाषा विचारू नये, या जिल्ह्यात त्या प्रश्नाचे काय होईल हे सांगायला नको. ‘संदेश कोणत्या भाषेत हवा?’ एवढेच विचारावे. कोण कुठला, हे त्यातून ठरत नाही. कुणाला काय वाचता येते, ते कळते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय द्यायची तरतूद आहे, आणि मराठी त्या परिशिष्टात आहे. मात्र अनुदान, दाखले, परवाने यांसाठी सरकारला कलम ७ खाली संमतीशिवायही माहिती वापरता येते, म्हणून ही सोय सरकारी पोर्टलवर आपोआप येईल या भरवशावर राहू नये. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतात. पोर्टलमध्ये बदल सुचवायची वेळ हीच.

संदेशाचा विषय निघाला म्हणून : केंद्रचालक पुष्कळदा अर्जात स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतात, ओटीपी लवकर मिळावा म्हणून. ‘अर्ज नामंजूर, सात दिवसांत कागद द्या’ हा संदेश मग अर्जदाराला कधीच पोचत नाही. कुठल्या नंबरावर वीसहून जास्त अर्ज आहेत अशी यादी काढली तर ही केंद्रे पाच मिनिटांत सापडतात. त्यांच्यावर कारवाई करण्यापेक्षा अर्जदाराला छापील पोच देण्याची सक्ती जास्त उपयोगी.

ज्यांना आपल्या गावचे आकडे हवेत त्यांनी माहिती अधिकारात मागावेत. शुल्क १० रुपये. कर्नाटकाच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंतचा हवा. ‘तक्ता करून द्या’ असे लिहू नये, कारण कचेरीजवळ नसलेला तक्ता करून देण्याचे बंधन नाही. संगणकात असलेल्या नोंदींची प्रत मागावी, साधारण अशी : ‘अमुक सेवा, अमुक तालुका, १ एप्रिल ते ३१ मार्च. प्रत्येक अर्जासाठी ग्रामपंचायतीचा कोड, अर्जाची तारीख, निर्णयाची तारीख, मंजूर की नामंजूर, नामंजुरीचे कारण, अर्ज स्वतः भरला की केंद्रातून. नाव, पत्ता, आधार, मोबाइल वगळून, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात.’ नावे वगळा हे आपणच लिहिले की खासगीपणाच्या मुद्द्यावर अर्ज अडवायला जागा राहत नाही. तिसऱ्यांदा अर्ज करणारा एकच माणूस तीन माणसे म्हणून मोजला जाऊ नये यासाठी ‘त्याच अर्जदाराचा कितवा अर्ज’ हाही रकाना मागावा. मिळालेले आकडे छापताना दहापेक्षा कमी संख्या असलेला चौकोन उघडा ठेवू नये. चाळीस घरांच्या वाडीत दिव्यांग पेन्शनचा एकच नामंजूर अर्ज छापला, तर तो कुणाचा हे सगळी वाडी ओळखते.

एक तांत्रिक गोष्ट पुष्कळांची फसगत करते. माहितीचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत, म्हणजे इथे कन्नडमध्ये द्यावा लागतो. मराठीतला परत येऊ शकतो. गाऱ्हाण्याचे तसे नाही. घटनेच्या कलम ३५०प्रमाणे तक्रारीचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. तेव्हा आकडे कन्नडमध्ये मागावेत, आणि त्यांत जे सापडेल त्याची तक्रार तहसीलदार कचेरीत मराठीत देऊन पोच घ्यावी.

आपले,
सार्वजनिक सेवांच्या नोंदींवर काम करणारे काही वाचक,
बेळगाव, खानापूर, निपाणी